सर्जेरावचा गुडघा

“दार लोट आक्का, आणि कडी घाल,” सर्जेराव म्हणाला.

शुक्रवार होता. अंबाबाईची ओटी भरून, प्रसादाचा नारळ आईच्या हातात द्यावा म्हणून मी माहेरी डोकावले होते. माझा धाकटा भाऊ सर्जेराव भर दुपारी पलंगावर पाय पसरून बसला होता. एरवी या वेळेला तो घरात सापडला असता तर आम्ही पेढे वाटले असते. उजव्या गुडघ्याला आंबेहळदीचा बोटभर जाड लेप आणि वर जुन्या धोतराची पट्टी. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मी आलेली पाहूनही तिनं मान वर केली नाही.

“हे काय रं? कवा झालं?”

“हळू बोल. बुधवारी झालं, सेमीफायनलला. शेवटची धा मिनिटं लंगडतच खेळलो की. तू बघितलं न्हाईस?”

“बघितलं. पण मला वाटलं, पायात गोळा आला असंल.”

“गोळा कसला! वाटी सरकलीया. डॉक्टर म्हणतोय, पंधरा दिवस पाय भुईला लावायचा न्हाई.”

“आणि परवा फायनल!”

“वस्ताद म्हणलं, सर्जा, तू नुसता उभा ऱ्हा. अकरा नंबरचा शर्ट मैदानात दिसला पायजे. खेळायचं ते बाकीची खेळतील.” मग तो पुढे वाकला आणि माझं मनगट धरलं. “आक्का, हे कुणाला म्हंजे कुणाला कळता कामा नये. तुझ्या घरात तर न्हाईच न्हाई. दाजींच्या कानावर गेलं की पावण्यांच्या कानावर गेलंच. आणि पावण्यांना कळलं तर ती पोरं सरळ गुडघ्यावर येतील बघ. पाय मोडंल माझा. जन्माचा लंगडा होईन.”

आईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे गदगद हलत होते. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती आणखीच हलायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

“मी कुणाला सांगत न्हाई,” मी म्हटलं. “मेलो तरी न्हाई.”

आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. बाहेरच्यांना हसू येतं. येऊ दे.

हे चौऱ्याऐंशी सालचं. अखिल भारतीय करवीर सुवर्णचषकाचे ते दिवस होते. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे हरला की त्याच संध्याकाळी बिस्तरा गुंडाळायचा. देशभरातून बत्तीस संघ यायचे, महिनाभर गावात दुसरा विषय नसायचा. भाजीवालीसुद्धा वांगी तोलता तोलता कोण ऑफसाइड होता ते सांगायची. एवढं सगळं करून कप मात्र दरवर्षी बाहेर जायचा. कधी जालंधर, कधी गोवा, कधी कलकत्ता. आम्ही स्टेडियम भरायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि शेवटी परक्यांच्या गळ्यात हार घालायचे. अकरा वर्षांत कोल्हापूरचा एकही संघ फायनलला गेला नव्हता. त्या वर्षी सोनटक्के तालीम गेली. आमच्याकडे फुटबॉलचे संघ कुस्तीच्या तालमींचेच, आणि तालमीचा वस्ताद हाच संघाचा कोच. सोनटक्के तालीम म्हणजे माझं माहेर, आणि तिचा अकरा नंबर म्हणजे सर्जेराव इंगवले.

समोर होता कालिकतचा कोस्टल ब्रदर्स क्लब. आणि कोस्टल ब्रदर्स उतरले होते बुरूज तालमीत, म्हणजे माझ्या सासरी.

आमच्याकडे रीत अशी होती की बाहेरगावचे संघ आले की तालमी ते आपसांत वाटून घ्यायच्या. गावात हॉटेलं नव्हती असं नाही, पण पाहुणा हॉटेलात उतरला तर तालमीचं नाक जायचं. खेळाडू तालमीत लाल मातीच्या हौद्याशेजारी सतरंज्या टाकून झोपायचे आणि गल्लीतली घरं पाळीपाळीनं त्यांना जेवू घालायची. आणि एकदा का आपली तालीम बाद झाली, की आपल्याकडे उतरलेले पाहुणे हाच आपला संघ. मग ते कुठले का असेनात, त्यांची भाषा कळो न कळो, त्यांच्यासाठी हलगी वाजवायची. बुरूज तालमीला त्या वर्षी बाद केलं होतं सोनटक्के तालमीनंच, आणि गोल मारला होता सर्जेरावनं. त्या दिवशी सासरी मला कुणी चहासुद्धा ‘घे’ म्हटलं नाही. कालिकतच्या पोरांवर गल्लीचा जीव जडला तो तेव्हापासून. माहेर आणि सासर यांत चालत दहा मिनिटांचं अंतर, पण फुटबॉलच्या दिवसांत ते दहा मिनिटांचं राहायचं नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, ती मला आवडत नसली तरी. माझ्या पोटात काही राहत नाही. लहानपणापासून नाही. तालमीतली पोरं मला ‘सांगली केंद्र’ म्हणायची, कारण त्या वेळी आकाशवाणी ऐकायची ती सांगलीची. धाकट्या जावेला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याला माझ्याकडून कळलं. वाईट हेतू कधीच नसायचा. समोरच्याचा चेहरा पाहिला की वाटायचं, बिचाऱ्याला माहीत नाही, सांगून टाकावं. आदल्या वर्षी लीगमध्ये असंच झालं. सर्जेरावनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की, आक्का, कॉर्नर मिळाला की आम्ही आता बॉल लांब मारणार नाही, जवळच देणार. मी ते भाकरी थापता थापता सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी ते आमच्या ह्यांना सांगितलं. सामन्यात सोनटक्के तालमीला सात कॉर्नर मिळाले आणि सातही वेळा बुरूज तालमीची पोरं तिथं आधीच उभी. सासरी माझं कौतुक झालं आणि माहेरी दोन महिने माझ्याशी कुणी धड बोललं नाही. त्या वेळी मी अंबाबाईसमोर कान पकडले होते.

म्हणून या खेपेला ठरवलं होतं, जीभ हासडून ठेवीन पण हे सांगणार नाही.

शुक्रवारची संध्याकाळ कशीबशी गेली. शनिवारी सकाळी नळावर गेलेच नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. बांगडीवाली आली तर आतूनच ‘नको’ म्हटलं. चुलीपुढं बसून मी गप्प वाटण वाटत होते. सासूबाई तीनदा येऊन बघून गेल्या.

“शालन, बरं न्हाई व्हय तुला?”

“बरं हाय की, आत्याबाई.”

“मग गप का? कुणी काय बोललं काय? दिनकर काय बोलला?”

“न्हाई वं.”

“माहेरी सगळी बरी हाईत न्हवं?”

“बरी हाईत.”

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. माणूस गप्प बसलं तर त्याला ताप आला असेल, अशी त्या घरात माझ्यामुळं समजूत झाली होती. बोलावंसं तर एवढं वाटत होतं की मी शेवटी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगितलं. हसू नका, खरंच सांगितलं. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, सर्जाचा गुडघा गेलाय गं. तिनं शेपूट हलवलं आणि मला जरा बरं वाटलं.

शनिवारचं दुपारचं जेवण आमच्या घरी होतं. आमचे हे, दिनकर सरनाईक, बुरूज तालमीचे सेक्रेटरी, म्हणून फायनलच्या आदल्या दिवसाचा मान आमचा. सोप्यात अठरा पानं मांडली होती. कालिकतच्या त्या पोरांना पहिल्या आठवड्यात आमचा तांबडा रस्सा झेपला नव्हता. एकेकाच्या डोळ्यांतून पाणी, नाक लाल, तरी पाहुण्याघरी नाही कसं म्हणायचं म्हणून गिळत होते. मग मी एकदा नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा वाढला. तेव्हा त्यांचा कप्तान वासुदेवन वाटी तोंडाला लावून एका दमात प्याला आणि डोळे मिटून नुसता बसला. त्यांच्या घरीही म्हणे नारळाच्या दुधातच सगळं शिजतं. तेव्हापासून ती सगळी मला ‘चेची, चेची’ करायची. मी त्याला एकदा हिंदीत विचारलं, चेची म्हणजे काय. तो म्हणाला, “बडी बहन.”

म्हणजे आक्काच की. त्या शनिवारी तो ‘चेची, थोडा और’ म्हणत होता आणि मी त्याच्या पानात भात वाढताना त्याच्या पायाकडे पाहत होते. दणकट पाय होते. हेच पाय उद्या सर्जेरावच्या गुडघ्यावर येतील या विचारात भात पानाबाहेर सांडला.

जेवणं झाल्यावर त्यांचे कोच कुरियन साहेब आणि आमचे हे सोप्यात सुपारी कातरत बसले. मी आतल्या दाराशी खरकटं काढत होते. कुरियन साहेबांचं हिंदी तुटकं होतं, पण मला सगळं कळत होतं.

“सरनाईक साहब, वो ग्यारह नंबर. बुधवार को लंगडा रहा था. ठीक है या नहीं है?”

“काय माहीत. मालूम नहीं.”

“ठीक है तो मैं उस पर दो लडके रखूँगा. ठीक नहीं है तो एक बस है. दूसरा लडका मैं आगे भेजूँगा. लेकिन मालूम होना माँगता.”

 मग पानाचा डबा बंद केल्याचा आवाज आला, आणि हे आत आले. मी पाठमोरी होऊन ताटं घासायला घेतली.

“शालन, तू काल माहेरी गेलतीस.”

“गेलतो की. प्रसाद द्यायला.”

“सर्जेराव घरात होता?”

“होता.”

“कसा हाय? पाय बघितलास त्याचा?”

आमचे हे कधी आवाज चढवणारे नव्हते. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला ‘खरं सांग’ असं फार तर चारदा म्हटलं असेल, कारण मीच विचारायच्या आधी सांगून मोकळी व्हायची. मी खोटं बोलू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

“धडधाकट हाय,” मी म्हटलं. “घोड्यागत पळतोय. मी गेलो तवा माडीवरनं उड्या मारत खाली आला.”

“मग बुधवारी लंगडत होता ते?”

“पायात गोळा आलता म्हणं.”

“पट्टी-बिट्टी?”

“काय न्हाई.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “अंबाबाईची शपथ?”

माझे हात राखेनं भरलेले होते. ते तसेच गळ्यापाशी नेऊन मी म्हटलं, “अंबाबाईची शपथ. सर्जाच्या पायाला काय सुदिक झालेलं न्हाई.”

ते बाहेर गेले. मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले. नवऱ्याशी खोटं बोलले होते, देवीची खोटी शपथ घेतली होती, आणि माझ्या हातचं जेवून तृप्त झालेल्या, मला बहीण म्हणणाऱ्या पोरांना फसवलं होतं. सगळं एका ताटाच्या अवधीत. पण भावाचा पाय वाचला, एवढंच मनात धरलं. देवी मला काय करायचं ते करो, म्हटलं, त्याला काही करू नको.

रविवारी दुपारी दोनलाच स्टेडियम भरलं. बायकांची बसायची जागा एका बाजूला होती, तिथं मी सासूबाईंशेजारी, बुरूज तालमीच्या बायकांत बसले. पलीकडच्या टोकाला माझ्या माहेरच्या बायका. आई दिसली. मी हात केला, पण सासूबाई बघतायत म्हटल्यावर तो हात डोक्यावरचा पदर सावरायला नेला. आता फायनल प्रकाशझोतात होतात, पोरं मोबाइलवर बघतात, बायका पोरांसारखे क्लबचे टी-शर्ट घालून येतात. बरंच आहे. पण त्या वेळी दोन्ही बाजूंच्या हलग्या एकदम सुरू झाल्या की छातीत जे व्हायचं ते आता होत नाही. कदाचित माझीच छाती जुनी झाली असेल.

सर्जेराव मैदानात आला तो पळत आला. मी डोळे मिटून घेतले. अरे, हळू, वाटी सरकलीय ना तुझी!

शिट्टी झाली, आणि पहिल्याच मिनिटापासून दोन पोरं त्याला चिकटली. एक पुढे, एक मागे. मागचा वासुदेवन. सर्जेराव डावीकडे गेला की ते डावीकडे, तो उजवीकडे गेला की ते उजवीकडे. बॉल त्याच्याकडे यायच्या आत कुणीतरी पाय घालायचं. खांद्याला खांदा लागायचा, सर्जेराव मातीत पडायचा आणि मी उभी राहायची.

“बस की गं खाली,” सासूबाई म्हणाल्या. “मागच्यांना दिसंना.”

“पडला वं तो!”

“पडू दे. फुटबॉल हाय.”

पण एक गोष्ट मला कळेना. तो पडायचा आणि लगेच उठायचा. लंगडत नव्हता. एकदा तर बॉल घेऊन अर्धं मैदान धावला, वासुदेवनला मागे टाकलं, दुसऱ्या पोरानं अंगावर उडी घेतली तेव्हा कुठं थांबला. मी मनात म्हटलं, आई अंबाबाई, मी खोटी शपथ घेतली तरी तू पावलीस. एका रात्रीत गुडघा बरा केलास. पुढच्या शुक्रवारचे मी पाच नारळ बोलून टाकले.

हाफटाइमला गोल नव्हता. सर्जेराव लिंबाची फोड न घेता कडेला एकटाच बसला होता, तोंडावर टॉवेल टाकून. वस्ताद हिंदुराव त्याच्याजवळ जाऊन वाकले, काहीतरी विचारलं, आणि परत गेले. माझ्या जागेवरून एवढंच दिसलं.

दुसऱ्या हाफला, संपायला वीस मिनिटं असताना, कालिकतच्या एका बुटक्या पोरानं डोक्यानं गोल केला. आमच्या बाजूला नुसता दणदणाट. सासूबाईंनी माझ्या पाठीत थाप मारली. मी हसल्यासारखं केलं. पलीकडे माहेरच्या बायका दगडासारख्या बसल्या होत्या. त्यानंतर सर्जेराव जिवाच्या आकांतानं खेळला, पण ती दोन पोरं काही सुटली नाहीत. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो गोलपोस्टला टेकून उभा होता. आधी वासुदेवनच त्याच्याकडे गेला आणि त्याला मिठी मारली. मग कप बारा महिन्यांसाठी पुन्हा बाहेर गेला, या खेपेला कालिकतला, आणि आमच्या बुरूज तालमीनं तो परक्यांच्या हातात देताना स्वतःच जिंकल्यासारखा गुलाल उधळला.

घरी आल्यावर ह्यांनी मला बाजूला बोलावलं. “कुरियन साहेब म्हणले, तुमच्या मिसेसना थँक्यू सांगा. बुधवारचं बघून ते एकच पोरगा ठेवणार होते.”

हे त्यांनी तालमीत कधी कुणाला सांगितलं नाही. फायनलचा डाव चुलीपुढं बायकोला विचारून ठरला, हे कुठला सेक्रेटरी कबूल करेल? मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली. दोन पोरं चिकटली म्हणून तर सर्जेरावला फार पळावं लागलं नाही, गुडघा वाचला, असं मी मनाला समजावलं. कप गेला तर गेला, पुढच्या वर्षी येईल. तो पुढच्या वर्षी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सोनटक्के तालीम पुन्हा कधी फायनललाच गेली नाही.

सोमवारी सकाळी मी शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन माहेरी गेले. बघते तर सोप्यात वस्ताद हिंदुराव बसलेले, शेजारी त्यांची बायको ताटात खण-नारळ आणि हिरवी साडी घेऊन. गल्लीतली चारपाच माणसं भिंतीला टेकून उभी. सर्जेराव खाली सतरंजीवर. त्याच्या गुडघ्याला ना लेप होता ना पट्टी. मांडी घालून बसला होता.

“ये लेकी,” वस्ताद म्हणाले. सत्तरीचा माणूस, आवाज घोगरा झाला होता. “तुझीच वाट बघत होतो. हिची ओटी भर गं.”

“कशाची ओटी, वस्ताद? हरलो की आपण.”

“हरलो. पण तू तुझं काम चोख केलंस. सर्जानं सांगितलं कालच. तू बातमी पोचवलीस, पर ती मलबारी लई हुशार. त्यांनी डाव वळखला. त्यात तुझा काय दोष?”

“कसली बातमी?”

“गुडघ्याची की!” वस्ताद हसले, आणि डोळे पुसले. “डोकं माझंच. बुधवारी ह्याच्या पायात गोळा आला, सगळ्या स्टेडियमनं लंगडताना बघितलं. मी म्हटलं, आता नुसती घरातली पक्की बातमी पायजे. सर्जा जायबंदी हाय असं कळलं की एकच पोरगा ठेवतील त्याच्यावर. एकट्याला तर सर्जा खिशात घालतोय. आणि बातमी पोचवायला आपली शालन हाय तिकडं. तिला फक्त सांगायचं, ‘कुणाला सांगू नगो’.”

भिंतीशी उभी असलेली माणसं हसली. आई पदराआड हसली, आणि मला शुक्रवारचे तिचे ते हलणारे खांदे आठवले. रडत नव्हती ती. माझी आई तांदूळ निवडता निवडता हसत होती, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. सगळ्यांनी मिळून मला पोस्टाची पेटी केली होती. आणि त्याहून भयंकर म्हणजे, मी ती चिठ्ठी टाकलीच नव्हती. माहेरच्या पेठेनं अकरा वर्षं वाट पाहिलेला कप माझ्या एका शपथेनं गेला होता. मी खोटी म्हणून घेतलेली शपथ तर शब्दन्‌शब्द खरी होती. सर्जाच्या पायाला काय सुदिक झालेलं नव्हतं.

“वस्ताद,” मी म्हटलं, “पण मी तर—”

“आक्का, च्या टाक की सगळ्यांना,” सर्जेराव मधेच म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काच फोडल्यावर वडिलांसमोर पाहायचा तसं. मी गप्प बसले. वस्तादांच्या बायकोनं माझी ओटी भरली, कुंकू लावलं, आणि मी खाली वाकून सगळ्यांच्या पाया पडले. हिरवी साडी हातात घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वस्ताद जाऊन आता तीस वर्षं झाली. आमचे हेही गेले. म्हणून हे आज सांगते आहे, नाहीतर सोनटक्के तालमीत अजून माझं नाव आहे. तिथली म्हातारी माणसं आजही नव्या पोरांना सांगतात, आमच्या शालननं सासरी राहून तालमीसाठी काम केलं, नशिबानं साथ दिली नाही. मी ऐकून घेते. चहा पिते आणि घरी येते. सांगली केंद्रानं एवढी एक बातमी बेचाळीस वर्षं दाबून ठेवली.

त्या सोमवारी सगळे उठून गेल्यावर सर्जेराव मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. आम्ही बोळातून चाललो होतो. तो एक पाऊल मागे होता.

“खोटं का बोललास रं?” मी न वळता विचारलं. “मी सांगितलंच न्हवतं कुणाला.”

“म्हाइती हाय.”

“मग?”

“पेठ काय बोलली असती तुला? जन्मभर माहेराला यायची चोरी झाली असती.”

मी थांबले. मला त्याच्या थोबाडीतही मारावीशी वाटत होती आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही. “मला सगळ्यांनी मिळून माकडावानी नाचवलं. आईनंसुदिक! आणि तू, तू तर माझं मनगट धरून म्हणलास, पाय मोडतील, जन्माचा लंगडा होईन. ते ऐकून मी सांगीन व्हय रं? तुझा पाय मोडायचं काम मी करीन?”

“ते वस्तादनं सांगितलेलं न्हवतं,” तो मान खाली घालून म्हणाला. “ते मीच घातलं पदरचं. मला वाटलं, तेवढं तिखटमीठ लावलं म्हंजे तुला दम निघणार न्हाई.”

मला त्याही स्थितीत हसू आलं. मग आम्ही दोघंही थोडा वेळ तिथंच, कुणाच्या तरी जोत्यावर बसलो. समोरून पोरं शाळेला चालली होती. त्यातल्या एकानं सर्जेरावला ओळखलं, पण तसाच पुढे गेला.

“तुला कवा कळलं?” मी विचारलं. “मी सांगितलं न्हाई म्हणून?”

“खेळतानाच. पयल्या पाच मिनिटांत. दोघंबी चिकटली तवाच म्हटलं, आक्कानं तोंड उघडलं न्हाई.”

“मग राग आला असंल माझा.”

“आला की. लई आला. म्हटलं, जन्मात कधी गप बसली न्हाई ती नेमकी आजच बसली. मग ती मागनं धक्का मारत्यात, मी पडतोय, उठतोय, आणि परत्येक धक्क्याला मला कळतंय की तू सांगितलं न्हाईस. माझ्यासाठी न्हाई सांगितलंस. पडलो की कळतंय, उठलो की कळतंय.” तो पायानं मातीत रेघा ओढत राहिला. “हाफटाइमला मग रडूच आलं, आक्का. टॉवेल घेतला तोंडावर. वस्ताद आलं, म्हणलं, सर्जा, लागलं व्हय रं?”

“मग तू काय म्हणलास?”

“म्हटलं, व्हय वस्ताद. लई लागलं.”